बडगा नाई जी, होस्टेल हाय

देऊस्कर सरांच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मला टेबल मिळालं नाही, बादली मिळाली. मे महिना होता. धरमपेठेतल्या एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सर घरांचे, शाळांचे, दवाखान्यांचे नकाशे काढत, आणि त्या खोल्यांच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या. त्यांच्यावर सारखं पाणी मारत राहावं लागे, नाहीतर आत भट्टी व्हायची. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. सर्टिफिकेटवर 'ड्राफ्ट्समन' असंच छापलेलं होतं, मुलीसाठी वेगळा शब्द त्यांच्याकडे नव्हता. त्यानंतर वर्षभर कुठेतरी उमेदवारी करायची होती. आता याला इंटर्नशिप म्हणतात आणि त्यासाठी मोठमोठ्या मुलाखती होतात. माझी मुलाखत एवढीच झाली, की सरांनी माझ्या हातांकडे पाहून विचारलं, "तळव्यांना घाम येतो का?" मी म्हटलं, "नाही सर." "मग ये उद्यापासून. ट्रेसिंग पेपरवर घामाचा डाग पडला की सगळी मेहनत वाया." दुसऱ्या दिवशी मी हात स्वच्छ धुऊन, नखं कापून गेले, तर गुलाबरावांनी माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाले, "हे घे वं पोरी. आधी ताट्या ओल्या कर. मंग पाहू नकाशाचं."

गुलाबराव हे तिथले एकुलते एक ड्राफ्ट्समन, कळमेश्वरकडच्या एका गावातले. ऑफिसात सर, गुलाबराव आणि मी, एवढीच माणसं. शिपाई ठेवण्याइतकं काम नव्हतं आणि शिपायाविना भागेल इतकं कमीही नव्हतं, म्हणून ती सगळी कामं आपोआप माझ्याकडे आली. पेन्सिलींना टोक काढायचं, तेही चाकूनं लांब आणि मग पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं. शाईचे पेन कोमट पाण्यात धुवायचे. कोपऱ्यावरून किटलीत चहा आणायचा. सर सकाळी न जेवता आले असतील तर तर्री-पोहे आणायचे, आणि पोहेवाल्याला तर्री वेगळ्या डब्यात घालायला सांगायची, नाहीतर नकाशांवर लाल तेलाचे ठिपके पडत. ट्रेसिंगची गुंडाळी काखेत मारून सीताबर्डीला अमोनिया प्रिंट काढायला जायचं. त्या दुकानात पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी वाहू लागे, गोठ्यात कोंडून ठेवल्यासारखा वास नाकात शिरे, आणि यंत्राच्या खालून निळ्या रेघांचे ऊबदार कागद बाहेर पडत. मी डोळे पुसत पुसत प्रत्येक कागद उलगडून पाहायची. दुकानदार म्हणायचा, "ओ बाई, नकाशाच हाय तो, सिनेमा नाई." पण मला तो सिनेमाच वाटे. या रेघेच्या आत कोण झोपेल, इथून आत येणारा माणूस चपला कुठे काढेल, हे मनात चालूच असे.

ते प्रिंट मग घरोघरी पोचवायचे. रामदासपेठ, महाल, गांधीबाग, जरीपटका. मी नागपूरची, पण माझं नागपूर इंदोऱ्यापासून गिरणीपर्यंतच होतं. बाकीचं शहर मी या गुंडाळ्या पोचवताना पाहिलं. लोकांची घरं कशी आतून असतात, कुणाकडे देवघर स्वयंपाकघरात असतं, कुणाकडे बैठकीत, कुणाच्या जिन्याखाली काय साठवलेलं असतं, हे पाहायची मला अनावर हौस. आणि पाणी. उन्हातून गेलेल्या मुलीला कुणीही पाणी विचारतंच. कुठे काचेच्या ग्लासात, बशीवर ठेवून. कुठे आधी "आडनाव काय तुझं?" असं येई, आणि मग पाणी स्टीलच्या पेल्यातून, वरून ओंजळीत. काही घरांत आडनाव सांगितल्यावर पाण्याची गोष्टच विसरली जाई. मला राग यायचा, नाही असं नाही. पण त्याहून जास्त कुतूहल वाटायचं, की या माणसांना घराचा नकाशा माझ्या हातून घ्यायला चालतो, त्यावर माझ्या बोटांचे ठसे असतात, मग पेल्याचंच काय एवढं?

घरी यायची तेव्हा लांबूनच आमच्या घराचे आवाज ऐकू येत. बाबा गिरणीत मागावर होते आणि मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते, म्हणून आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. "भाकर वाढू का?" हेही माय ओरडूनच विचारायची. शेजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण. ऑफिसात पहिले काही दिवस सर दचकायचे. "विशाखा, मी इथेच बसलोय," असं म्हणायचे. माय दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची, तिच्या बोटांना तंबाखूचा वास, आणि चुलीवर आलू-वांग्याची भाजी रटरटत. जवसाची चटणी मात्र ती रोज ताजी कुटायची. जेवताना मी दिवसभराची घरं सांगायची. बाबांना ते पटत नव्हतं. "दीक्षा घेतली, पोरीले शिकवलं, अन् पोरगी चाय आनून राहिली दुसऱ्याची," असं ते ताटात बघत म्हणायचे, म्हणजे त्यांच्या मते हळूच, पण गल्लीला ऐकू जाईल असं. माय म्हणायची, "आनू द्या. चाय आनता आनता सारं पाहून येते ना ते. काल मले संडास कसा बांधतात ते सांगत होती." बाबांना ऐकू जायचं नाही, किंवा गेलं तरी ते तसं दाखवत नसत.

पावसाळ्यात ऑफिसात एक मोठं काम आलं. महालातल्या एका ट्रस्टला मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. त्यासाठी जागा देणार होत्या रुक्मिणीबाई, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. पन्नाशीच्या, विधवा, काटोलकडे संत्र्याच्या बागा असलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. सरांनी नकाशे नेऊन दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला या रेघा कळत नाहीत. मला घर दाखवा." सर परत आले ते हसतच. "घर दाखवा म्हणे. चला, दाखवू या." म्हणजे पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं ठरलं, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण कापणं, चिकटवणं, रंगवणं हे सगळं गुलाबरावांच्या मते बायकी होतं.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, असं आज म्हटलं तर माझी सून हसते. पण खरंच होते. जागेवर जाऊन सर आणि गुलाबराव मोजमाप घेत होते तेव्हा मी टेपचं टोक धरून चिखलात उभी होते, आणि आता तीच जागा एका प्लायवूडच्या फळीवर माझ्यासमोर होती. उत्तरेला रस्ता, पश्चिमेला डाळमिलची उंच भिंत, दक्षिणेला मागची मोकळी पट्टी. भिंती मी जाड पुठ्ठ्याच्या कापल्या, खिडक्या ब्लेडनं कोरल्या. हिरवळीसाठी लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला. झाडांसाठी मायनं वाळलेल्या दोडक्यांची जाळी दिली, ती कात्रीनं गोल कापून हिरवी केली की कडुनिंबासारखी दिसे. सर येता जाता वाकून पाहायचे आणि बोटानं एखादं झाड सरळ करायचे. आणि भिंती चिकटवता चिकटवता मी त्या इमारतीत राहायला लागले. इथं उठायचं, इथं दात घासायचे, इथून न्हाणीघरात जायचं. एक दिवस मनातल्या मनात कपडे धुतले आणि ते वाळत घालायला जागाच सापडेना. गच्चीचा जिना रेक्टरच्या खोलीतून जात होता. पुढच्या गॅलऱ्या रस्त्यावर. मागे मोकळी पट्टी होती तिथं रेक्टरच्या मोटारीचं गॅरेज. मी हातातला पुठ्ठा तसाच धरून बसले. विचारावं असं वाटलं, पण सर एवढे शिकलेले, त्यांनी काही योजलं असेल, असं मनाशी म्हणून मी गॅरेज चिकटवलं.

बैठक ठरली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्रस्टच्या प्राथमिक शाळेत. ट्रस्टच्या सगळ्या पंचांना त्या दिवशी सुट्टी होती. आमच्या घरी दीक्षेनंतर पोळ्याची पूजा बंद झाली होती, पण मायनं आदल्या दिवशी वडे तळलेच होते. "पोटाले सन समजते," ती म्हणायची. गुलाबराव बैलांसाठी गावी गेले ते गेलेच. सर सकाळी दुसऱ्या एका कामावरून स्कूटरनं परस्पर येणार होते. मॉडेल मी सायकलरिक्षात घालून आणायचं. "सर, आज मारबत आहे," मी म्हटलं होतं. "असू दे. दुपारपर्यंत मिरवणूक संपते," सर म्हणाले. सर मूळचे पुण्याकडचे. नागपुरात वीस-बावीस वर्षं काढूनही मारबतीला त्यांनी बाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

मारबत म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या मारबती, कागद-बांबूच्या बायका, इतवारीतून वाजतगाजत निघतात, आणि गावातली रोगराई, दुःख-संकट त्यांच्याबरोबर बाहेर काढून त्यांना जाळतात. त्यांच्या मागे-पुढे बडगे असतात. बडगा म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग आहे त्याचा पुतळा, महागाईचा, भेसळ करणाऱ्याचा, कुठल्याही पुढाऱ्याचा. लोक त्यांची टिंगल करत, शिव्या देत, नाचत त्यांना जाळायला नेतात. आता तुम्हीच कल्पना करा, की या गर्दीत एक मुलगी रिक्षात बसली आहे आणि तिच्या मांडीवर पुठ्ठ्याची दुमजली इमारत आहे.

गांधीपुतळ्याच्या पुढे रिक्षा अडकली. रिक्षावाला छत्तीसगढचा. त्यानं मागे वळून सांगितलं, "बाई, अब आगे नहीं जाएगा," आणि सीटवरून उतरून तो स्वतःच मिरवणूक बघायला उभा राहिला. ताशांचा आवाज पोटात घुमत होता. "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत!" असा घोष उठला की माणसांची लाटच्या लाट पुढे सरके. आणि तेवढ्यात एका पोरानं मला पाहिलं.

"अबे, पाहा बे! घराचा बडगा!"

"कोनाचं घर हाय गा हे?"

"मंत्र्याचं दिसते! बंगला बांधला आपल्या पैशाचा!"

"घेऊन जाऽऽ गे मारबत!" दहा-बारा हात रिक्षाकडे आले. एका हातात माझा कडुनिंब गेला. मी मॉडेलवर पालथी पडले आणि मग, काय झालं मला माहीत नाही, रिक्षाच्या पायदानावर उभी राहिले आणि आमच्या घरात बोलतात त्या आवाजात ओरडले, "बडगा नाई जी! होस्टेल हाय! पोरीईचं होस्टेल हाय!"

बाबांच्या कानांसाठी कमावलेला आवाज होता तो. ताशेवाला थांबला. जवळच एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. ती पुढे येऊन वाकून पाहू लागली. "पोरी राहतीन इथं? खेड्यातल्या?"

"हो. शिकाले येतीन त्या."

"अन् हे काय हाय, हे बारके बारके चौकोन?"

"खिडक्या."

"लय खिडक्या हाय वं," ती कौतुकानं म्हणाली. मग मागे वळून त्या पोरांवर खेकसली, "काहून त्रास देऊन राहिले रे तिले? उचला, पोचवून द्या!" आणि त्या पोरांनी, जी दोन मिनिटांपूर्वी माझं वसतिगृह जाळायला निघाली होती, ती फळी चौघांनी डोक्यावर घेतली. ताशा पुन्हा वाजायला लागला. "बाजूले व्हा, होस्टेल येऊन राहिलं! होस्टेल येऊन राहिलं!" असं ओरडत त्यांनी ती इमारत गर्दीच्या डोक्यांवरून शाळेच्या फाटकापर्यंत नेली, आणि मी भाड्याचे पैसे रिक्षावाल्याच्या हातात कोंबून त्यांच्या मागे धावले. आजही कुठे भूमिपूजनाचे नारळ, फिती, पुढारी पाहिले की मला वाटतं, आमच्या वसतिगृहासारखी मिरवणूक कुणाच्या नशिबी नाही.

शाळेच्या एका वर्गात बैठक होती. पंच मंडळी शिक्षकांच्या खुर्च्यांवर, बाई पहिल्या बाकावर, टेबलाच्या अगदी जवळ. ट्रस्टचे अध्यक्ष धोतर-कोटातले, सतत घड्याळ बघणारे. सर आलेले नव्हते. अर्धा तास गेला. अध्यक्ष म्हणाले, "देऊस्कर अडकलेले दिसतात. पुढच्या आठवड्यात बघू." बाई म्हणाल्या, "ही मुलगी आली ना घेऊन? तिला विचारू. काय गं, तुला माहीत आहे का यातलं?"

"हो," मी म्हटलं. "मीच चिकटवलंय."

मग मी सांगायला लागले. फाटकातून आत यायचं, इथं रेक्टर, इथं भेटायला येणाऱ्यांची खोली, इथं जेवणघर. पहिला मजला वर उचलून बाजूला ठेवता यायचा, तो उचलल्यावर बाई एवढ्या पुढे वाकल्या की त्यांचा चष्मा न्हाणीघरात पडायच्या बेतात आला. बोटानं एका खोलीतून निघाल्या, न्हाणीघरात गेल्या, परत आल्या, गॅलरीत गेल्या, परत आल्या. त्या काय शोधताहेत हे मला कळलं.

"पोरी कपडे कुठे वाळत घालतील?" त्यांनी विचारलं.

'गच्चीवर' असं म्हणता आलं असतं. सर असते तर तसंच म्हणाले असते. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्या इमारतीत तीन आठवडे राहून आले होते. "जागा नाही," मी म्हटलं. "गच्चीचा जिना रेक्टरच्या खोलीतून आहे. पुढे रस्ता आहे, तिथं आतले कपडे कुणी घालणार नाही. पोरी खोलीतच दोरी बांधतील, अन् आतले कपडे साडीखाली लपवून ओलेच ठेवतील. त्यांना ऊनच लागणार नाही. मग तेच ओले अंगावर घालतील." पंच मंडळींपैकी एकानं खोकायला सुरुवात केली, दुसरे भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचू लागले. बाई मात्र मान हलवत होत्या. "मग?" त्या म्हणाल्या. मी नखानं मागचं गॅरेज उचकटलं. अजून पुरतं वाळलेलं नव्हतं, सहज निघालं. "इथं अंगण होऊ शकतं. मागे कुणाची नजर नाही."

माझ्या हातात गॅरेज असताना सर दारात आले. शर्टाचा खिसा फाटलेला, केसांत धूळ, चष्म्याची एक काडी गायब. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मी गॅरेज पुन्हा जागेवर ठेवायला गेले. सर म्हणाले, "राहू दे, बोल तू," आणि मुलांच्या शेवटच्या बाकावर, गुडघे वर घेऊन, बसले.

बाई हसून मला म्हणाल्या, "हुशार आहेस. असं झालं तर तू राहशील का अशा खोलीत?"

मी ऑफिसात पुस्तकातल्यासारखं बोलायला शिकले होते. पण तेव्हा जे तोंडून गेलं ते आमच्या घरचं होतं. "मले देसान का जी खोली?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात टोमणा नव्हता. पण अध्यक्षांनी घड्याळावरची नजर काढली. "नाव काय तुझं?"

"विशाखा."

"पूर्ण नाव."

"विशाखा सुखदेव मेश्राम. इंदोऱ्याहून येते."

बाहेर मारबत लांब गेली होती, ताशांचा आवाज बारीक येत होता. अध्यक्ष सरांकडे पाहून म्हणाले, "वसतिगृह आपल्या समाजातल्या मुलींसाठी आहे, हे देऊस्करांना माहीत आहे. तो आजचा विषय नाही." सर काही बोलले नाहीत. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मी तिला विचारलं, तिनं मला विचारलं. उत्तर मी द्यायचं आहे." आणि "विचार करून देईन," एवढंच म्हणून त्या उठल्या.

परत येताना सरांची स्कूटर बंद पडलेली होती. ते ती ढकलत होते आणि मी फळी सांभाळत बाजूनं चालत होते. मला वाटलं, उद्यापासून येऊ नको असं सांगतील. पण ते म्हणाले, "तुला कपड्यांचं आधी दिसलं होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही काही योजलं असेल."

सर थांबले. "माझ्या घरी कपडे कुठे वाळतात, मला माहीत नाही," ते म्हणाले. अगदी नवल वाटल्यासारखं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. "मागच्या दारी. दोन तारा आहेत. बायको म्हणाली, वीस वर्षं आहेत." मग मॉडेल पुढे ओढून म्हणाले, "आता तुझी चूक. तू अंगण दाखवलंस ते डाळमिलच्या भिंतीला लागून. दुपार कलली की तिथं सावली. जागेवर टेप धरून उभी होतीस ना? मान वर करून पाहिलं होतंस का?" मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून अंगण पूर्वेकडे सरकवलं, जिना रेक्टरच्या खोलीतून काढला, आणि सरांनी मला पहिल्यांदा टी-स्क्वेअरची पट्टी हातात देऊन टेबलापाशी बसवलं. ताट्या, चहा आणि पेन्सिली सुटल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या सोडायच्या नव्हत्या.

अध्यक्षांचा निरोप आला की बैठकांना ती मुलगी आणू नये. सरांनी मला तो जसाच्या तसा सांगितला. त्यानंतर नवे प्रिंट ते मुद्दाम माझ्याच हाती बाईंच्या घरी पाठवू लागले. सर त्या वर्गात गप्प का बसले, ते भित्रे होते की धूर्त, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. बाईंनी मला पाणी दिलं ते स्वतः आणून. पेला स्टीलचा होता. तो त्यांच्या रोजच्या भांड्यांतला की वेगळा ठेवलेला, हे मला कळावं म्हणून मी तो उलटा करून बघितला, त्यावर नाव कोरलेलं होतं, पण कुणाचं ते झिजलेलं होतं. बाई हे सगळं पाहत होत्या. "भांडण चालू आहे माझं," त्या म्हणाल्या. "जागेच्या कागदावर अजून सही केली नाही मी."

ते भांडण दीड-दोन वर्षं चाललं. तोवर माझी उमेदवारी संपून मला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली होती, जिथं मी पुढची सगळी वर्षं काढली. शेवटी तडजोड झाली. वसतिगृह समाजातल्या मुलींचंच, पण तळमजल्यावरच्या मागच्या चार खोल्या 'इतर' मुलींसाठी. गुलाबरावांनी ही बातमी मला मोठ्या आनंदानं सांगितली आणि मी त्यांच्यावरच भडकले. "मागच्या? पुन्हा मागच्याच?" त्या रात्री जेवताना मी बाबांना ओरडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दार तर उघडलं ना. पोरी आत गेल्यावर मागचं पुढं होते." मला ते पटलं नाही. बाईंना भेटायला गेले नाही. इमारत उभी राहिली तरी त्या रस्त्यानं जायचं टाळलं.

पुढे एका हिवाळ्यात खात्याच्या कामानं त्या भागात जाणं झालं. पौषातली थंडी होती, सकाळ होती. पाय आपोआप वळले. फाटकातून आत गेले, पुढच्या खोल्या गार, बंद, गॅलरीत कुणी नाही. मला वाटलं मुली सुट्टीवर गेल्या. मग मागून हसण्याचा आवाज आला. वळसा घालून गेले तर सगळं वसतिगृह मागच्या अंगणात. तारांवर कपडे, साड्या, परकर, सगळं उघड्यावर फडफडत होतं, आणि खाली उन्हात मुली. कुणी केस वाळवत होती, कुणी परीक्षेचं घोकत होती, कुणी दुसरीच्या वेणीत बोटं घालून बसली होती. पुढच्या खोल्यांतल्या मुली मागच्या खोल्यांच्या उंबऱ्यांवर, पायऱ्यांवर, त्यांच्या खाटांवर सुद्धा, कारण ऊन फक्त तिथंच येत होतं. कोणती खोली कोणासाठी, हे त्या गर्दीत मलाही सांगता आलं नसतं, आणि ते नकाशे मी काढले होते.

एका दारात एक काळी-सावळी मुलगी कागद पसरून लाल मिरच्या उन्हात घालत होती. भिवापूरच्या मिरच्या, लांबूनच नाकाला झोंबल्या. तिनं वर पाहिलं. "कोन पाहिजे जी तुमाले?"

"कोनी नाई," मी म्हटलं. "असंच पाहाले आली."

तिनं मिरच्यांचा कागद थोडा सरकवला आणि पायरीवर माझ्यापुरती जागा केली. "मंग उभ्या काहून? बसा ना," ती म्हणाली. "ऊन हाय."